माल स्वस्त झाला, पण ज्यांची नोकरी गेली त्यांचं काय?

2 एप्रिल 2025 ला ट्रम्पने जवळजवळ सगळ्या जगावर टॅरिफ लावायची घोषणा केली आणि तेव्हापासून हा शब्द रोज कानावर पडतोय. टॅरिफ म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावरचा कर, एवढं आता सगळ्यांना पाठ झालंय. त्यामागचं कारणही परत परत सांगितलं जातं, की परदेशी मालाने अमेरिकेतले कारखाने खाल्ले, नोकऱ्या गेल्या, त्या आता परत आणायच्या.

मी हे ऐकतो तेव्हा मला एकच प्रश्न पडतो. ज्या माणसांच्या नोकऱ्या वीस-पंचवीस वर्षांपूर्वी गेल्या, त्यांच्यासाठी सरकारने तेव्हा काय केलं? कारण नेमक्या याच लोकांसाठी अमेरिकेत एक योजना होती, चांगली साठ वर्षं होती, आणि 1 जुलै 2022 पासून तिचं दार नव्या कामगारांसाठी बंद झालंय. त्याची फारशी बातमीसुद्धा झाली नाही. नाव आहे ट्रेड अॅडजस्टमेंट असिस्टन्स, पुढे आपण टीएए म्हणू. मराठीत सांगायचं तर व्यापारामुळे ज्यांचं बिघडलं त्यांना सावरायला मदत.

आयातीने नोकरी जाते म्हणजे नेमकं काय होतं

समजा एका गावात रस्ता रुंद करायचं ठरलं. रस्ता झाला की सगळ्या गावाचा फायदा आहे, रोजची दहा मिनिटं वाचतात, माल लवकर येतो, अँब्युलन्स वेळेत पोचते. पण रस्त्याला लागून ज्यांची घरं आहेत त्यांची घरं तुटतात. म्हणजे फायदा हजारो लोकांना थोडा थोडा आणि नुकसान चाळीस घरांना पूर्ण. आता हिशोब मांडला तर गावाचा एकूण फायदा नुकसानापेक्षा नक्कीच मोठा निघेल, पण त्या चाळीस घरांना तुम्ही हा हिशोब दाखवून काय उपयोग, त्यांना छप्पर पाहिजे.

परदेशी व्यापाराचं असंच आहे. टॉवेल बाहेरून स्वस्त आला तर करोडो लोकांचे वर्षाला काही डॉलर वाचतात, ते कोणाच्या लक्षातही राहत नाही. पण टॉवेल बनवणारी गिरणी बंद पडली की तिथल्या माणसाचा पगार पूर्ण जातो, त्याच्या गावातल्या दुकानाचं गिऱ्हाईक जातं, शाळेला मिळणारा कर कमी होतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की ज्यांना फायदा झाला त्यांनी नुकसान झालेल्यांना भरपाई दिली तरी फायदा उरतो. खरं आहे ते. फक्त "दिली तरी" आणि "दिली" यात फरक आहे, आणि पुस्तकातलं वाक्य "दिली तरी" एवढंच म्हणतं.

टीएए म्हणजे ती भरपाई खरोखर द्यायचा प्रयत्न होता.

कॅनापोलिस, 30 जुलै 2003

नॉर्थ कॅरोलिना राज्यात कॅनापोलिस म्हणून गाव आहे. हे गावच मुळात गिरणीने वसवलेलं, घरं कंपनीची, जमीन कंपनीची, 1984 पर्यंत तिथे स्वतःची नगरपालिकासुद्धा नव्हती. चादरी आणि टॉवेल बनवायचे तिथे, अमेरिकेतल्या घराघरात जायचे ते. शेवटी ही गिरणी पिलोटेक्स नावाच्या कंपनीकडे होती आणि 30 जुलै 2003 ला त्या कंपनीने कारखाने बंद करायचं जाहीर केलं. देशभरात मिळून साडेसहा हजारांच्या आसपास लोक, त्यातले चार हजारांच्या वर एकट्या कॅनापोलिस आणि आजूबाजूचे. नॉर्थ कॅरोलिनाच्या इतिहासात एका दिवसात एवढ्या लोकांची नोकरी तोवर कधी गेली नव्हती.

यातले बरेच जण चाळिशी-पन्नाशीतले होते, कित्येकांनी हायस्कूल पूर्ण केलं नव्हतं, कारण गिरणीत सोळा-अठराव्या वर्षी लागलं की शिक्षणाची गरजच पडायची नाही, वडील तिथे, आई तिथे, आपण पण तिथेच. आणि मग पन्नाशीत एकदम कोणीतरी सांगतं की आता कॉम्प्युटरवर बायोडाटा टाइप करून आणा.

हे उदाहरण डोक्यात ठेवा, पुढचं सगळं मी याच्याशी लावून सांगणार आहे.

योजना आली कुठून

कल्पना 1954 ची. परदेशी व्यापाराचं धोरण ठरवायला एक सरकारी आयोग नेमला होता, त्यात स्टील कामगारांच्या युनियनचे अध्यक्ष डेव्हिड मॅकडोनाल्ड होते, त्यांनी मांडलं की आयात वाढवायची असेल तर वाढवा, पण ज्यांचं काम जाईल त्यांना सरकारने हात द्यायला पाहिजे. तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. मग 1962 मध्ये केनेडीला इतर देशांशी बोलणी करून टॅरिफ मोठ्या प्रमाणावर कमी करायचे होते आणि त्यासाठी युनियनचा पाठिंबा पाहिजे होता, तेव्हा ट्रेड एक्स्पान्शन अॅक्ट या कायद्यात ही मदत घातली गेली. केनेडीचं म्हणणं साधं होतं की व्यापार खुला करायचा निर्णय देशाचा आहे, तर त्याचा सगळा भार काही मोजक्या लोकांवर पडू नये, काही वाटा केंद्र सरकारने उचलावा.

मला ही भूमिका आजही पटते. आयात ही आपोआप येणारी गोष्ट नाहीये, सरकार सही करतं तेव्हा दार उघडतं.

पण कायदा लिहिताना अटी एवढ्या कडक लिहिल्या की काय सांगू. आधी सिद्ध करा की आयात वाढली ती मुख्यतः टॅरिफ कमी केल्यामुळेच वाढली, मग सिद्ध करा की नोकरी जाण्याचं मुख्य कारण ती आयातच आहे. दोन्ही जमलं तर मदत. परिणाम काय झाला, तर 1962 पासून 1969 च्या नोव्हेंबरपर्यंत एकाही कामगार गटाचा अर्ज मंजूर झाला नाही. सात वर्षं! योजना कागदावर चालू आणि मिळाली कोणालाच नाही. कामगार चळवळीत लोक याला "अंत्यसंस्काराचा विमा" म्हणायला लागले, म्हणजे नोकरी वाचवणार नाही, फक्त मेल्यावर खर्चाला पैसे देणार, आणि इथे तर तेही मिळत नव्हते.

1974 च्या कायद्याने अटी सैल केल्या. आयात हे सगळ्यात मोठं कारण असलंच पाहिजे असं नाही, महत्त्वाचं कारण असलं तरी पुरे, आणि ती टॅरिफ कमी केल्यामुळेच वाढली हे दाखवायची गरज नाही. निर्णय द्यायचं काम केंद्राच्या कामगार खात्याकडे आलं. खरी योजना सुरू झाली ती तेव्हापासून.

अर्ज कसा चालायचा

इथे एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. अर्ज एकट्या माणसाचा नसायचा, गटाचा असायचा. एका कारखान्यातले किमान तीन कामगार मिळून अर्ज करू शकत होते, किंवा त्यांच्या वतीने युनियन, किंवा स्वतः कंपनी, किंवा राज्याचं रोजगार ऑफिस. नोकरी गेल्यापासून वर्षभरात अर्ज पाहिजे.

मग वॉशिंग्टनमध्ये कामगार खात्याचा एक तपास अधिकारी ती फाइल घ्यायचा. तो कंपनीला प्रश्नावली पाठवायचा, विक्री किती घटली, उत्पादन किती घटलं, काम दुसऱ्या देशात हलवलं का. गरज पडली तर कंपनीच्या गिऱ्हाइकांनाही विचारायचा की तुम्ही यांच्याकडून घेणं कमी केलं ते परदेशी माल घ्यायला लागलात म्हणून का. कायद्याप्रमाणे 40 दिवसांत निर्णय द्यायचा असायचा. मंजूर झाला की त्या कारखान्यातल्या त्या विभागाच्या सगळ्यांना लागू, म्हणजे अर्जाच्या आधी वर्षभरात आणि मंजुरीनंतर दोन वर्षांत जे जे कामावरून गेले ते सगळे पात्र. मग प्रत्येकाने आपापल्या राज्याच्या ऑफिसात जाऊन आपली मदत सुरू करायची.

यातली अडचण लक्षात येते का बघा. ज्याला मदत हवी त्याच्या हातात पुरावा नाही, पुरावा सगळा कंपनीच्या वहीत. आणि जिथे युनियन नाही तिथे लोकांना योजना आहे हेच माहीत नसायचं, वर्ष कधी उलटून गेलं कळायचंही नाही.

मिळायचं काय

2015 च्या कायद्यातले आकडे देतो, कारण शेवटची धड चालू असलेली योजना तीच.

अमेरिकेत नोकरी गेली की बेरोजगारी भत्ता मिळतो, तो राज्याकडून, बहुतेक राज्यांत 26 आठवडे. तो संपला की टीएएवाल्याला तेवढीच रक्कम दर आठवड्याला पुढे चालू राहायची, पण अट अशी की त्याने ट्रेनिंग घेत राहिलं पाहिजे, आणि तेही मंजुरी किंवा कपात, जे नंतर झालं त्यापासून 26 आठवड्यांच्या आत नाव नोंदवलं असलं पाहिजे. सगळं धरून जास्तीत जास्त 130 आठवडे, म्हणजे अडीच वर्षं. ट्रेनिंगची फी सरकार भरायचं, बहुतेक वेळा जवळच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये, नर्सिंग असिस्टंट, वेल्डिंग, ट्रक चालवणं, एअर कंडिशनिंग दुरुस्ती, असे कोर्स. कॅनापोलिसवाल्यांपैकी खूप जणांनी सुरुवात केली ती हायस्कूलच्या बरोबरीची परीक्षा पास होण्यापासून.

दुसऱ्या गावी इंटरव्ह्यूला जायचा 90 टक्के खर्च, 1,250 डॉलरपर्यंत. घर हलवायचा 90 टक्के खर्च आणि वर 1,250 डॉलरपर्यंत एकरकमी. हेल्थ इन्शुरन्सच्या हप्त्याच्या 72.5 टक्के रक्कम करात परत, ही 2021 च्या शेवटी संपली. अमेरिकेत इन्शुरन्स नोकरीला बांधलेला असतो, नोकरी गेली की दवाखानाही जातो, त्यामुळे ही मदत वाटते त्यापेक्षा मोठी होती.

आणि एक भाग जो मला या सगळ्यात सर्वात शहाणपणाचा वाटतो, पगाराचा विमा. तो फक्त पन्नाशी ओलांडलेल्यांना. समजा एका बाईला गिरणीत वर्षाला 40,000 डॉलर मिळायचे, आता तिला 30,000 ची नोकरी मिळतेय. फरक 10,000. सरकार म्हणायचं, घे ती नोकरी, फरकातला अर्धा आम्ही देतो, वर्षाला 5,000, दोन वर्षं, जास्तीत जास्त 10,000. नवीन पगार वर्षाला 50,000 च्या आत असला पाहिजे एवढंच. पन्नास वर्षांच्या माणसाला दोन वर्षं वर्गात बसवण्यापेक्षा हे कितीतरी माणुसकीचं आहे, शिवाय ती कामावर राहते, नवीन ठिकाणी पगार चढायची संधी मिळते. अर्थतज्ज्ञांनी पन्नाशीच्या थोडे अलीकडचे आणि थोडे पलीकडचे कामगार ताडून बघितले, तर ज्यांना हा विमा लागू होता ते लवकर कामाला लागले, त्यांची एकूण कमाई वाढली, आणि सरकारने दिलेले पैसे कर आणि वाचलेल्या भत्त्यातून भरून निघाले.

पण नोकरी आयातीमुळेच गेली हे ठरवायचं कसं

हा आक्षेप सगळ्यात जड आहे आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याला चांगलं उत्तर नाही.

पिलोटेक्सचंच घ्या. स्वस्त परदेशी माल होता हे खरंच, पण कंपनीने 1997 मध्ये फील्डक्रेस्ट कॅनन ही दुसरी मोठी कंपनी विकत घेताना डोक्यावर प्रचंड कर्ज करून घेतलं होतं, 2000 मध्ये एकदा दिवाळखोरी झाली, 2002 मध्ये त्यातून बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी परत बुडाले. मग माणसाची नोकरी कशाने गेली, आयातीने, कर्जाने, का नवीन मशीनवर कमी माणसं लागतात म्हणून? तिन्हीने. यातला आयातीचा वाटा वेगळा काढून दाखवा म्हणणं म्हणजे खिचडीतून मीठ वेगळं काढा म्हणण्यासारखं आहे.

आणि एकदा कारणावरून मदत द्यायची ठरवली की कुठेतरी रेघ ओढावी लागते, ती रेघ नेहमी कोणावर तरी अन्याय करते. 2002 नंतर कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीचे कामगारही पात्र झाले, चांगलं झालं, पण कारखान्याच्या गेटसमोर ज्याचं खानावळीचं दुकान त्याच कामगारांवर चालायचं तो कधीच पात्र नव्हता. सॉफ्टवेअरवाल्यांचं तर अजब होतं. त्यांचं काम भारतासारख्या देशात गेलं आणि ते अर्ज घेऊन आले तर खातं म्हणायचं, कायद्यात "वस्तू" लिहिलंय, सॉफ्टवेअर हातात धरता येत नाही, ते सीडीवर असतं तर गोष्ट वेगळी. कोर्टात भांडणं झाली आणि 2006 मध्ये खात्याने धोरण बदललं. सेवा क्षेत्रातल्या सगळ्यांना, म्हणजे कॉल सेंटर वगैरे, 2009 च्या कायद्याने आत घेतलं.

एखाद्याला रस्त्यात गाडीने ठोकलंय आणि दवाखान्यात विचारतायत की आधी सांगा कुठल्या गाडीने ठोकलं, लाल असेल तर प्लास्टर, निळी असेल तर फक्त गोळी. माझं मत स्पष्ट आहे, हाड मोडलंय ना, प्लास्टर घाला. युरोपियन युनियनचा असाच एक फंड आहे, 2007 पासून चालतो, तोही सुरुवातीला जागतिकीकरणाच्या कारणापुरताच होता, पण 2021 पासून त्यांनी कारणाची अट सोडली. आता मोठ्या प्रमाणावर कपात झाली असेल, साधारण 200 लोकांची, तर कारण आयात असो, ऑटोमेशन असो नाहीतर कोळसा बंद करणं असो, त्या देशाचं सरकार फंडाकडे मागणी करू शकतं. यात छोट्या कारखान्यातले तीस लोक बाहेर राहतात, आणि मागणी देशाने करायची असल्यामुळे वेळ लागतो, तेही आहे.

फुकट पैसे मिळाले तर लोक काम कशाला शोधतील

हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी वाईट म्हणत नाही, 1980 मध्ये तसं थोडंफार झालंही होतं. त्या वर्षी डेट्रॉइटच्या कार कंपन्यांनी भराभर लोक कमी केले, जपानी गाड्यांमुळे, आणि टीएएचा खर्च एकदम दीडशे कोटी डॉलरच्या वर गेला. त्यातल्या बऱ्याच जणांना नंतर त्याच कारखान्याने परत बोलावलं, म्हणजे नोकरी कायमची गेलीच नव्हती. मग 1981 मध्ये रेगनच्या काळात मदत जोरात कापली आणि जोर ट्रेनिंगवर आला.

पण त्यानंतरच्या योजनेला फुकट म्हणणं मला पटत नाही. भत्त्याची रक्कम बहुतेक ठिकाणी जुन्या पगाराच्या निम्म्याच्या आसपास, त्यालाही राज्याची वरची मर्यादा, आणि तो टिकवायला रोज वर्गात जायचं. ज्या माणसाने तीस वर्षं मागावर काढली त्याला बीजगणिताच्या वर्गात विशीतल्या पोरांबरोबर बसायचंय, हे आरामाचं जगणं नाही.

दुसरं म्हणजे टीएए नसली की लोकांना सरकारी मदत लागत नाही असं थोडीच आहे. ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या तीन अर्थतज्ज्ञांनी 2013 मध्ये चिनी आयातीवर एक गाजलेला अभ्यास केला, त्यात दिसलं की ज्या भागांना चिनी मालाचा फटका बसला तिथे सरकारी मदत वाढलीच, फक्त ती टीएएतून फारच थोडी वाढली, अपंगत्वाची पेन्शन आणि आजारपणाच्या खर्चातून कितीतरी जास्त वाढली. म्हणजे पाठ दुखत असूनही जो काम करत होता तो नोकरी गेल्यावर अपंगत्वाच्या पेन्शनवर गेला, आणि त्या पेन्शनवर गेलेला माणूस बहुतेक वेळा परत कामावर येत नाही.

ट्रेनिंगने खरंच फरक पडतो का

इथे अभ्यासांचीच भांडणं आहेत, आणि ती समजून घेण्यासारखी आहेत.

2012 मध्ये सरकारने करून घेतलेला एक मोठा अभ्यास आला, मॅथमॅटिका नावाच्या संस्थेचा. टीएए घेतलेले कामगार आणि त्यांच्यासारखेच दिसणारे इतर बेरोजगार कामगार यांची चार वर्षं तुलना केली, तर टीएएवाल्यांची कमाई उलट कमी निघाली. लगेच बोंब झाली की बघा, योजनाच निरुपयोगी.

पण थांबा. ट्रेनिंग घेणारा माणूस पहिली दोन वर्षं वर्गात होता, कमवत नव्हता, तर चार वर्षांच्या हिशोबात तो मागे पडणारच. आणि "त्यांच्यासारखेच दिसणारे" म्हणजे वय, पगार, शिक्षण सारखं, पण एकाच्या गावातला अख्खा उद्योग संपलाय आणि दुसऱ्याची फक्त एका कंपनीतली नोकरी गेलीय, त्याच्या शेजारी तसलीच दुसरी कंपनी उभी आहे. ही दोन माणसं कागदावर सारखी, प्रत्यक्षात नाहीत.

मग 2018 मध्ये बेंजामिन हायमन या अर्थतज्ज्ञाने वेगळी युक्ती वापरली. परीक्षेचे पेपर तपासताना काही मास्तर कडक असतात आणि काही सढळ हाताने मार्क देतात, आणि आपला पेपर कोणाकडे जाणार हे नशिबावर असतं. वॉशिंग्टनमधल्या तपास अधिकाऱ्यांचंही तसंच होतं, काही जण फाइल सहज मंजूर करायचे, काही जण खुसपट काढायचे, आणि फाइल कोणाकडे जाईल हे जवळपास योगायोगाने ठरायचं. म्हणजे काठावरच्या अर्जांमध्ये दोन अगदी सारख्या कारखान्यांपैकी एकाला मदत मिळाली, दुसऱ्याला नाही, ते केवळ टेबल वेगळं होतं म्हणून. हायमनने अशांची तुलना केली. निष्कर्ष असा की मंजुरी मिळालेल्यांनी पुढच्या दहा वर्षांत एकूण सुमारे 50,000 डॉलर जास्त कमावले. काही भाग जास्त पगारामुळे, काही जास्त काळ कामावर राहिल्यामुळे. मात्र हा फायदा वर्षागणिक कमी होत गेला आणि दहाव्या वर्षापर्यंत जवळपास संपला, हेही त्याच अभ्यासात आहे.

मला दुसरा अभ्यास जास्त पटतो, कारण तुलना जास्त प्रामाणिक आहे. पण 50,000 ऐकून हुरळून जाऊ नका, नुकसान किती होतं तेही बघा. पेनसिल्व्हेनियात 1980 च्या दशकात मोठ्या कपातीत गेलेल्या जुन्या कामगारांवर एक अभ्यास झाला होता, ज्यांची सहा वर्षांहून जास्त नोकरी झाली होती त्यांची कमाई पाच-सहा वर्षांनंतरही जुन्या मानाने साधारण 25 टक्के कमी होती. वर्षाला 40,000 वाला माणूस धरला तर दरवर्षी 10,000 गेले, दहा वर्षांत लाखभर डॉलर. मदत मिळून अर्धं भरून निघालं, अर्धं गेलंच. आणि त्याच राज्यातल्या अशा कामगारांवरच्या नंतरच्या अभ्यासात नोकरी गेल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात मृत्यूचं प्रमाण 50 ते 100 टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा परत मागे जाऊन वाचला.

दुसऱ्या गावी का जात नाहीत

सांगायला सोपं आहे. गावातली गिरणी बंद पडली की गावातल्या घरांना गिऱ्हाईक राहत नाही, म्हणजे ज्या घरात आयुष्यभराची बचत आहे तेच विकत नाही. बायकोची नोकरी इथे, म्हातारी आई इथे, मुलं सांभाळायला बहीण इथे. 1,250 डॉलरने हे सगळं हलत नाही. वर सांगितलेल्या 2013 च्या अभ्यासातही दिसलं की फटका बसलेल्या भागातून लोक फारसे बाहेर गेले नाहीत.

मग टॅरिफ लावला की प्रश्नच मिटला ना

2018 मध्ये बाहेरून येणाऱ्या वॉशिंग मशीनवर टॅरिफ लावला होता, त्याचा अर्थतज्ज्ञांनी नीट हिशोब केलाय. अमेरिकेत साधारण 1,800 नोकऱ्या तयार झाल्या, खऱ्या नोकऱ्या, ज्यांना मिळाल्या त्यांचं भलं झालं. पण मशीनच्या किमती सुमारे 12 टक्क्यांनी वाढल्या, आणि गंमत म्हणजे कपडे सुकवायच्या ड्रायरच्याही वाढल्या, त्याच्यावर टॅरिफ नसताना, कारण लोक दोन्ही जोडीने घेतात आणि कंपन्यांनी दोन्हीवर भाव चढवले. सगळ्या गिऱ्हाइकांनी मिळून जास्त मोजलेले पैसे भागिले नोकऱ्या केलं तर एका नोकरीमागे वर्षाला 8 लाख डॉलरच्या वर खर्च आला. त्यातले चतकोर पैसे जरी थेट नोकरी गेलेल्यांना दिले असते तर किती घरं उभी राहिली असती याचा विचार करा.

आणि टॅरिफने नोकऱ्या आल्या तरी त्या कॅनापोलिसला त्याच माणसांकडे परत येत नाहीत. तिथली गिरणी पाडून टाकली, त्या जागेवर आता बायोटेक संशोधनाचा कॅम्पस आहे. चांगली गोष्ट आहे, गावात काम आलं, पण प्रयोगशाळेत पीएचडी लागते.

एवढं होतं तर बंद का पडली

दोन कारणं. पहिलं, योजना कायम अपुऱ्या पैशात ठेवली. 2015 च्या कायद्यात ट्रेनिंग आणि संबंधित खर्चाला वर्षाला कमाल 45 कोटी डॉलर ठेवले होते. तेव्हा अमेरिका वर्षाला सव्वादोन लाख कोटी डॉलरच्या आसपास माल आयात करत होती. 2000 मध्ये तिथे कारखान्यांत 1 कोटी 70 लाखांच्या वर लोक होते, 2010 मध्ये 1 कोटी 15 लाख. या काळात, नेमकं सांगायचं तर 1999 ते 2011, एकट्या चिनी आयातीमुळे थेट आणि आडून मिळून 20 ते 24 लाख नोकऱ्या गेल्या असा एक अंदाज आहे. एवढ्या मोठ्या जखमेला केवढीशी पट्टी.

दुसरं कारण राजकारणाचं. टीएए नेहमी व्यापार कराराच्या पाठीवर बसून संसदेत आली. राष्ट्राध्यक्षाला करार करायचे झटपट अधिकार पाहिजेत, मग त्याच्याबरोबर कामगारांसाठी टीएए, अशी जोडी. 12 जून 2015 ला तर असं झालं की कामगारांच्या बाजूच्या डेमोक्रॅट खासदारांनीच टीएएच्या विरोधात मत दिलं, कारण ती पाडली की जोडीतला दुसरा अर्धा, म्हणजे करारांचे अधिकार, अडकणार होता. दोन आठवड्यांत दोन्ही पास झाले, पण कामगाराची मदत ही सौद्यातली सोंगटी आहे हे त्या दिवशी उघड दिसलं. पुढे करार करायचा उत्साहच दोन्ही पक्षांत संपला, जुलै 2021 मध्ये ते अधिकार संपले, टीएए वर्षभर जुन्या आखूड नियमांवर रेटली, सेवा क्षेत्रातले कामगार परत बाहेर गेले, आणि 1 जुलै 2022 पासून नवीन अर्जांचा तपासच थांबला. ज्यांची मंजुरी आणि कपात त्याआधी झाली त्यांचंच काय ते पुढे चालू राहिलं.

म्हणजे टॅरिफच्या बातम्यांनी जग दणाणून गेलं तेव्हा, आयातीने नोकरी गेलेल्यांसाठी असलेली ही एकमेव खास योजना जवळपास तीन वर्षं बंद होती. आज अशी नोकरी गेली तर सगळ्या बेरोजगारांसाठी असलेलं केंद्राचं साधारण ट्रेनिंग आहे, पण त्यात दर आठवड्याचा पुढचा भत्ता नाही. उरतो राज्याचा बेरोजगारी भत्ता. आणि कॅनापोलिस ज्या राज्यात आहे त्या नॉर्थ कॅरोलिनाने 2013 मध्ये आपला कायदा बदललाय, तिथे बेरोजगारीचं प्रमाण कमी असेल तर तो जास्तीत जास्त 12 आठवडे मिळतो.